न झाडलेलं घर

रविवारी पहाटे माझं पहिलं काम म्हणजे भावाचं घर राहतं करणं.

पाचला उठायचं. चुलीतले निखारे घमेल्यात भरायचे आणि अंगण ओलांडून त्या तीनमजली घरात जायचं. घमेलं सोफ्याच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं ठेवायचं. मग पडदे सरकवायचे. टेबलावर दोन कप मांडायचे, त्यातला एक अर्धा भरलेला. खुर्चीच्या पाठीवर आईची शाल, आत्ताच कुणी काढून टाकल्यासारखी. बशीत अर्धवट सोललेले बटाटे. बटाट्यांची कल्पना माझी, आणि खोटं कशाला बोलू, मला तिचा थोडा अभिमान होता. शेवटी फरशी ओल्या फडक्याने पुसायची. झाडू मात्र लावायचा नाही. त्याचं पुढे सांगते.

घरकामाने मी कधी दमले नाही. बावन्न वर्षांची झाले, हात आपोआप चालतात. पण घरकाम केल्याचं सोंग आणायला लागलं की कंबर मोडते.

घर लाउतारोचं, माझ्या धाकट्या भावाचं. पंधरा वर्षांपूर्वी तो परदेशात, क्वीन्सला गेला, एका खानावळीच्या भटारखान्यात कामाला लागला आणि तिथून पैसे पाठवून त्याने हे घर उभं केलं. निळ्या काचा, गच्चीला खांब, वर चार झोपायच्या खोल्या. अकरा वर्षं झाली घर पुरं होऊन. आमच्या डोंगरात अशी घरं खंडीभर आहेत, आणि प्रत्येकाचा मालक कुठल्यातरी परक्या शहरात भांडी घासतोय. लाउतारोकडे कागद नाहीत. एकदा आला तर परत जाता यायचं नाही, म्हणून तो येत नाही. घर त्याने अजून पाहिलेलं नाही. पाहिलंय ते टीव्हीतून.

टीव्हीही त्यानेच चार वर्षांपूर्वी घेऊन दिला. कान्यार शहरातल्या दुकानातला माणूस आला, भिंतीवर ठोकून गेला आणि वर कॅमेरा बसवून गेला. त्या कॅमेऱ्याला एक खोड आहे. जो हलेल त्याच्या मागे तो जातो. समोर दोघी बसलेल्या असल्या आणि मी नाक खाजवलं, तर तिकडे लाउतारोला माझं नाकच मोठं होऊन दिसतं.

आणि आम्ही दोघी, मी आणि आई, राहतो अंगणापलीकडच्या जुन्या स्वयंपाकघरात. मातीच्या भिंतींची एक खोली, मध्ये चूल, भिंतीच्या कडेने कुई पळत असतात. ससुल्यापेक्षा लहान प्राणी, आम्ही ते पाळतो आणि सणाला खातो. छप्पर काजळीने इतकं काळं की दिवसा दिवा लावावा. पण ऊब आहे. कितीही थंडी पडली तरी तिथे आईचे गुडघे वाकतात. सिमेंटच्या घरात ते दहा मिनिटांत धरतात.

लाउतारोला हे ठाऊक नव्हतं. खोटं मीच सुरू केलं. घर पुरं झालं त्या आठवड्यात त्याने फोन केला, रडत होता, खूप दिवस कुणाशी बोलला नव्हता. विचारलं, "ताई, आई कुठल्या खोलीत झोपते?" मी म्हणाले, "वरच्या. रस्त्याकडच्या." तेवढ्याने तो हसला. मग पुढच्या फोनला विचारलं, उजेड येतो का. येतो म्हणाले. मग पडदे आले, गादी आली, टीव्ही आला. एका खोट्याला इतकं सामान लागतं, हे तेव्हा माहीत असतं तर मी त्याला रडू दिलं असतं.

त्या रविवारी आई अंगणातून आली ती कुरकुरतच. डोक्यावर पांढरी टोपी, नवा घागरा.

"त्याच्यासाठी नटायचं, आणि तो बघतो भिंती," ती म्हणाली.

"हळू. सोफ्यावर नीट बस."

"हा सोफा ओरडतो."

"प्लास्टिक आहे ते. काढू नका म्हणालाय, घाण होईल."

"कुणाच्या बुडाने?" आई म्हणाली आणि काठावर टेकली.

सहा वाजता टीव्हीवर लाउतारो उगवला. त्याचं तोंड आमच्या दारापेक्षा मोठं. दाढी वाढलेली, अंगात कामाचा पांढरा सदरा, पाठीमागे उशी आणि भिंतीचा तुकडा. तो नेहमी कॅमेऱ्याच्या इतका जवळ बसतो की दुसरं काही दिसतच नाही.

"आशीर्वाद दे, आई."

"देव तुझं भलं करो, बाळा." आईने हवेत, त्याच्या नाकासमोर, क्रूस काढला. "जेवलास का?"

"आई, सकाळ आहे."

"म्हणून काय झालं?"

"ताई, मागच्या कोपऱ्यात ओल आलीये का?"

"सावली आहे ती."

"बाजूला हो बघू जरा."

मी बाजूला झाले. चित्र माझ्याबरोबर सरकलं आणि कोपरा गेला.

"तू हलू नकोस गं!"

"मग बाजूला कशी होऊ? उडू?"

तो हसला. मग गळा साफ केला, आणि मला कळलं की आज काहीतरी आणलंय. "एक सांगायचंय. गुरुवारी यंत्र येतंय. त्या माणसाशी बोलणं झालंय माझं. जुनं स्वयंपाकघर पाडून टाकू. तिथे गाडीसाठी जागा करू."

"कुणाची गाडी?" मी विचारलं.

"घेईन की. ताई, गावातल्या कुणीतरी आपल्या घराचा फोटो टाकला होता. मोठं घर आणि पुढ्यात ते काळं खोपट. इथली आपली पोरं मला विचारतात, लाउतारो, तुझ्या महालापुढे ही कोळशाची वखार कुणाची? आठवडाभर हसतायत. आणि तुम्हाला आता ते लागतंय कशाला? आत गॅस आहे, सगळं आहे. आई, पाडू ना?"

"बरं, बाळा," आई म्हणाली.

टीव्हीला आई नेहमी 'बरं'च म्हणते. मला नाही म्हणायला तिला कधी वेळ लागत नाही.

त्याच्या कामाची वेळ झाली. पडदा काळा झाला. मी घमेलं उचललं, कप उचलले, बटाटे उचलले. आई माझ्याआधी चुलीपाशी जाऊन बसली होती. दुपार झाली. मग मक्याचे दाणे पाखडता पाखडता म्हणाली, "माझं अंथरूण कुठे घालणारेस?"

"वर चार खोल्या आहेत, आई."

"न झाडलेल्या घरात?"

आता झाडूचं. आमच्यात नवं घर बांधलं की मालक त्यात एकदम राहायला जात नाही. आधी घर झाडायचं असतं. मालकाने स्वतः, रानझुडपाच्या ओल्या फांद्यांच्या झाडूने, चारी कोपऱ्यांतून. घराचा धर्मपिता ठरलेला असतो, तो छपरावर लोखंडी क्रूस लावतो. कचरा मालक बाहेर रस्त्यावर नेऊन टाकतो आणि मागे बघत नाही. तेव्हा कुठे घर त्याचं होतं. जो झाडेल त्याचं घर. म्हणून मी अकरा वर्षं तिथे झाडू लावला नाही. लावला असता तर घर माझं झालं असतं, आणि मला ते नको होतं. आणि न झाडलेल्या घरात जो झोपतो त्याच्या छातीवर घर बसतं. आईची बहीण अशाच एका घरात झोपायला गेली आणि वर्षाच्या आत वारली. ती ब्याऐंशीची होती हे आई सांगत नाही.

मी हसायचे या सगळ्याला. पण अकरा वर्षांत मीही त्या चार खोल्यांत कधी पाठ टेकली नाही.

"तू नको म्हणाली का नाहीस त्याला?"

"एवढ्या मोठ्या तोंडाला नको कसं म्हणायचं?" आई म्हणाली. "तू सांग. खोटं तू बोललीस."

मंगळवारी लाउतारोला सुट्टी असते. मी सहालाच गेले. घमेलं नेलं नाही, कप नाहीत, काही नाही. अंगात त्राणच नव्हतं त्या सगळ्याचं. टीव्ही लावला आणि उभी राहिले.

तो झोपेतून उठला होता. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. लाउतारो, ते यंत्र नको पाठवूस."

तो डोळे बारीक करून बघत राहिला. "ताई, तुझ्या तोंडातून वाफ का येतेय?"

मी तोंडावर हात घेतला. बावन्न वर्षांची बाई, चोरी पकडल्यासारखी.

"घरात वाफ कशी येतेय? इतकं गार आहे?"

"कारण इथे कुणी राहत नाही," मी म्हणाले. "कधीच राहिलं नाही. आई चुलीपाशी झोपते, मीही. रविवारी येतो आम्ही, निखारे आणून ठेवतो, तुझ्याशी बोलतो आणि जातो."

इतक्या मोठ्या पडद्यावर माणसाचा चेहरा पडताना बघू नये. फोनवर असता तर नुसती शांतता ऐकली असती.

"आणि वरची खोली? रस्त्याकडची?"

"गादीवरचा कागदही काढलेला नाही."

"मला वर ने. दाखव मला."

"कशी नेऊ? तू भिंतीला ठोकलेला आहेस. माझा फोन बटणांचा."

त्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. मग ओरडला. पंधरा वर्षं दुसऱ्यांचे तवे घासतोय ते कुणासाठी, म्हणाला. लोक मला हसत होते ते बरोबर होतं, म्हणाला. माझ्या आईला मी सिमेंटचं घर दिलं आणि ती उंदरांबरोबर झोपते.

"कुई आहेत त्या," मी म्हणाले.

"ताई!"

"ओरड. ओरडून घे. पण ती त्या घरात मरेल, लाउतारो. तुला वाटतं हे थंडीचं आहे. ते झाडलेलं नाही म्हणून आहे. मालकाने झाडलेलं नाही."

त्याने मान खाली घातली. मला त्याचं टक्कल दिसलं. ते कधी पडलं, मला ठाऊक नव्हतं.

"मग झाडतो," तो म्हणाला. "उद्या. अन्सेल्मोकाकांना बोलाव, क्रूस आणायला सांग. मी टीव्हीत असेन. मालक हजर हवा ना? मी हजर. मी इथून झाडतो, काका तिथे माझ्या नावाने झाडू धरतील, माझ्याबरोबर. घर झाडलं की आई राहायला जाईल. आणि गुरुवारी यंत्र येईल. ठरलं."

मी आले आणि आईला सांगितलं. आई म्हणाली, "टीव्हीतून?" आणि चुलीत लाकूड सारलं.

अन्सेल्मो किश्पी म्हणजे घराचे धर्मपिता. घराचा पाया घातला तेव्हाच ठरलेले. लोखंडी क्रूस त्यांनी हौसेने तेव्हाच करून घेतला होता आणि तेव्हापासून तो पोत्यात गुंडाळून गोठ्यात पडला होता. बुधवारी पहाटे ते क्रूस खांद्यावर टाकून आले, मागे त्यांची बायको बाल्बिना, हातात ओल्या फांद्यांचा झाडू आणि चिचाची घागर. मका आंबवून केलेल्या या पेयाशिवाय आमच्यात ना घर झाडलं जातं ना माणूस पुरला जातो. मी तीनपासून उठून दोन कुई भाजल्या होत्या, बटाटे उकडले होते. उभ्याउभ्या डोळे मिटत होते माझे.

"गाईने चाटून चाटून त्याला गंज चढू दिला नाही बघ," अन्सेल्मोकाका क्रूस भिंतीला टेकवत म्हणाले.

"अकरा वर्षं काय गाईचीच पूजा चालली होती म्हणायची," बाल्बिना म्हणाली.

टीव्ही लागला. लाउतारो यावेळी उभा होता. कॅमेऱ्यापासून लांब, त्यामुळे पहिल्यांदाच सगळी खोली दिसत होती. त्याने केस विंचरले होते, हातात लाल प्लास्टिकचा झाडू.

"आशीर्वाद द्या, काका."

"देव भलं करो. झाडू असला? बरं, चालेल. चल, दाराच्या उजव्या कोपऱ्यापासून. मी इकडे, तू तिकडे."

लाउतारोने सुरुवात केली. पलंगावर पलंग रचलेले, चार माणसं राहतात तिथे. बाकीचे तिघे कामाला गेले होते. त्याने बुटांचे जोड उचलून खिडकीत ठेवले. पलंगाखाली वाकला. तिथून काय काय निघालं, एक मोजा, बाटलीची झाकणं, कुणाचातरी कंगवा, केस.

"अरे, तो डावीकडचा राहिला," बाल्बिना म्हणाली.

"कुठला?"

"कपाटामागचा. सरकव की कपाट."

त्याने कपाट सरकवलं. त्यामागे धुळीची गादी होती. "बाप रे!" अन्सेल्मोकाका म्हणाले आणि सोफ्यावर बसले. प्लास्टिक ओरडलं. लाउतारो चारी कोपऱ्यांतून कचरा मध्ये आणत होता, आजोबांनी जसा आणला असेल तसा, मन लावून, ओठ घट्ट मिटून. तो वाकला की आम्ही सगळे त्याच्याबरोबर मान वाकवत होतो. मीच म्हणाले, "खिडकीखाली बघ," आणि त्याने बघितलं. पोराने कसं झाडलं! खोली लख्ख झाली. मध्ये कचऱ्याचा ढीग, आणि तो घामेजलेला, झाडूवर रेलून हसत होता.

"झालं?" त्याने विचारलं.

अन्सेल्मोकाकांनी मान डोलावली आणि मग त्यांचं लक्ष आपल्या मांडीवरच्या झाडूकडे गेलं. ओल्या फांद्या होत्या तशाच. एक पान हललं नव्हतं.

"तिकडे झालं," ते म्हणाले. "इकडे मी… अरे देवा. मी बघतच बसलो."

"टीव्ही लागला की यांचं असंच," बाल्बिना म्हणाली. "मीही तशीच, म्हणा."

"मग आता झाडा, काका!"

"तुझ्याबरोबर धरायचा होता रे. आता मी एकट्याने झाडलं तर घर माझं होईल. मला माझंच आवरत नाही."

लाउतारोचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "मी परत झाडतो. पुन्हा करू."

"झाडलेली जागा परत झाडत नाहीत, बाळा," आई म्हणाली.

ती आता उठली, गुडघ्याला हात देत टीव्हीपाशी गेली. तिची टोपी त्याच्या कमरेपर्यंत आली.

"झाडलंस ते झाडलंस," ती म्हणाली. "ती खोली तुझी झाली. तू तिथला झालास."

"आई, काय बोलतेस? भाड्याची खोली आहे ही. घर ते आहे. तुझ्या मागे. मी येणार आहे ना परत."

"ये की. आलास की झाड. ते कुठे पळून जातंय?"

तो येणार नाही हे प्रत्येकाला माहीत होतं, त्या खोलीतल्याही आणि या खोलीतल्याही. पण तोवर ते कुणी कोपऱ्यातून बाहेर काढलं नव्हतं.

"आणि ऐक," आई म्हणाली. "रविवारी मी बरं म्हणाले, ते या टीव्हीला म्हणाले. तुला म्हणते, नको. माझी चूल पाडू नकोस. मी तिथे झोपते. तिथेच तू झालास. हसू देत पोरं."

लाउतारो पलंगाच्या काठावर बसला. वरच्या पलंगाला डोकं लागू नये म्हणून वाकून. मी वाट बघत होते की तो आता ओरडेल, आणि खरं सांगते, ओरडला असता तर मी मान डोलावली असती आणि आईला वर नेलं असतं. तितकी मी दमले होते.

"फोन करतो त्या माणसाला," तो शेवटी म्हणाला. "येऊ नको सांगतो."

"आत्ता कर."

त्याने आमच्यासमोरच केला. दोन वाक्यं बोलला, यंत्र नको, नको म्हणजे कधीच नको, आणि ठेवला. मग कचऱ्याच्या ढिगाकडे बघून लहानपणी विचारायचा तसं विचारलं, "हे काय करू?"

"रस्त्यावर नेऊन टाक. मागे बघू नकोस," अन्सेल्मोकाका म्हणाले.

"काका, दंड होतो इथे."

"मग पिशवीत भर. पण मागे बघू नकोस."

तो पिशवी घेऊन खाली गेला. तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे वेळ लागणार होता. टीव्हीत रिकामी खोली राहिली. आई तिथेच उभी राहून ती खोली बघत होती, पलंग, खिडकीतले बूट, खिडकीबाहेरची विटांची भिंत. पंधरा वर्षांत तिने त्याचं फक्त तोंड बघितलं होतं.

"याची चूल कुठाय?" तिने मला विचारलं.

"बाहेर असेल. सगळ्यांची मिळून एक."

तिने मान हलवली. अन्सेल्मोकाका क्रूस परत पोत्यात गुंडाळत होते, आवाज न करता, कुणी झोपलं असल्यासारखे.

लाउतारो धापा टाकत आला. "टाकला. मागे बघितलं नाही."

"आता जेव," आई म्हणाली.

"आई, मला उशीर झालाय. आधीच बोलणी बसणार आहेत."

"घर झाडलं की जेवतात. जेवल्याशिवाय उठत नाहीत."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग कपाटातून पाव काढला, सॉसेजचा डबा काढला, आणि पलंगावर वाकून बसला. इकडे मी कुई कापून वाढली, बाल्बिनाने चिचा ओतली. सोफ्यावर जागा नव्हती म्हणून आई फरशीवर बसली, पाय लांब करून, टीव्हीकडे तोंड करून. तो चावत होता, आम्ही चावत होतो, कुणाला घाई नव्हती. त्याला बोलणी बसली असतील. मी विचारलं नाही.